कधीच बाजारात न आलेला स्पेक्ट्रमचा गेम, खोकंभर कॅसेट आणि हातात थोडेच दिवस. आधी काय करू?

लीड्सची_सांगलीकर
नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता यायचं नाही म्हणून लिहितेच. आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो, नऊ वर्षं झाली. शेजारी एक आजोबा आहेत, एकाहत्तर वर्षांचे, आजी गेल्यापासून एकटेच, आता घर विकून मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये चाललेत म्हणून आवराआवर चालू आहे. परवा डबा द्यायला गेले तर दारात टाकून द्यायच्या ढिगात एक खोकं, वर कॅसेट दिसल्या म्हणून विचारलं गाणी आहेत का, तर म्हणाले, गाणी नाहीत, माझा गेम आहे, निघालाच नाही कधी.

मग कळलं की १९८४-८५च्या सुमाराला हे घरी बसून झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे साध्या कॅसेटवरून प्रोग्राम भरायच्या एका घरगुती कॉम्प्युटरसाठी, गेम लिहायचे, दिवसा नोकरी आणि रात्री हे. दोन लहान गेम विकले गेले, तिसरा मोठा होता, त्यावर चौदा महिने घालवले, एका मासिकात चार ओळींची बातमीपण आली, आणि ज्या कंपनीला दिला ती नाताळच्या तोंडावर बंद पडली. पैसे मिळाले नाहीत, गेम निघाला नाही, पाठवलेली मास्टर टेपसुद्धा परत आली नाही. त्यानंतर त्यांनी गेम लिहिणं सोडूनच दिलं. हे सगळं ते कप विसळता विसळता सांगत होते आणि मी तिथंच उभी, माझ्यानं ते खोकं कचऱ्यात जाऊ देववलं नाही, उचलून घरी आणलं.

आत २३ कॅसेट आहेत, बऱ्याच १५ मिनिटांच्या, काहींवर नुसते आकडे, एकीवर "ही नाही" असं लिहिलंय. चार इवल्याशा काळ्या कार्ट्रिज आहेत, त्यांना मायक्रोड्राइव्ह म्हणतात म्हणे. तीन इंची कडक प्लॅस्टिकच्या तीन डिस्क, त्या नंतरच्या मशीनच्या. आणि एक वही, आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलेली माणसं, पक्षी, दारं, शेजारी आकड्यांच्या रांगा. माझा नवरा म्हणतो घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून बघू काय आहे ते. मी थांबवलंय. लावू का? यातून खरंच गेम परत निघू शकतो का? निघाला तर तो कुणाचा, आम्ही कुणाला दिला तर चालेल का? आजोबा दोन आठवड्यांत जाणार आहेत.

टेपवाला_कोल्हापूर
ताई, थांबवलंत ते फार चांगलं केलंत. अजून एकही कॅसेट कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. मी बावीस वर्षं कीर्तनं, नाट्यगीतं, लोकांच्या घरच्या बारशा-लग्नाच्या टेपा डिजिटल करतोय, स्पेक्ट्रम मी कधी हातात धरला नाही पण टेप ती टेपच. माझ्याकडं येणाऱ्या दहा खराब टेपांतल्या सात अशा असतात की "घरी एकदा लावून बघितली आणि गुंडाळली बघा". जुन्या टेपला एक शेवटचं चांगलं वाजणं शिल्लक असतं असं धरून चालायचं, आणि ते रेकॉर्डिंग चालू असताना वाजलं पाहिजे.

आधी फोटो काढा. खोक्यात जशी रचलीत तशी, मग एकेक कॅसेट दोन्ही बाजू, आतला कागद उघडून. "ही नाही" लिहिलेलीचापण काढा, ती तर आधी काढा. नंबर डबीवर घाला, कॅसेटवर चिकटपट्टी नको. मग प्रत्येकीच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे असतात ते शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसणार नाही. उजेडात धरून खिडकीतनं टेपच्या गुंडाळीची कड बघा, पांढरी पावडर किंवा ठिपके दिसले तर बुरशी आहे, ती कॅसेट वेगळ्या पिशवीत, तोंडाला मास्क बांधल्याशिवाय हात लावायचा नाही आणि तिला लावलेलं मशीन दुसरीला न पुसता लावायचं नाही. तिकडं माळ्यावर ओल असती असं ऐकलंय. टेपच्या मागं मधोमध तांब्याच्या पट्टीवर लोकराचा बारका तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद चाळीस वर्षांत सुकतो आणि तुकडा पडतो, मग आवाज येतो-जातो आणि माणसाला वाटतं टेपच गेली. टेप चांगली असती हो, फक्त घर, म्हणजे बाहेरचा प्लॅस्टिकचा सांगाडा, बदलायचं असतं. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून नव्या घरात घाला, चिकटवलेली असेल तर मला विचारा, ते घाईनं करायचं काम नाही.

मशीन म्हणाल तर घरातला टेपरेकॉर्डर नको, चांगला डेक मिळवा, नवे बेल्ट घातलेला. हेड आणि पिंच रोलर (टेप पुढं ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, एका कॅसेटनंतर एकदा. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर दाबायची सोय, बंद. लॅपटॉपमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारं काही असेल तर ते बंद, खरखर काढणारं काही असेल तर तेपण बंद. ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, एमपी३ अजिबात नाही. डावा-उजवा दोन्ही चॅनल वेगळे ठेवा, एकत्र मिसळू नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अझिमथ. हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, त्यानं हेडचा कल बदलतो. ज्या रेकॉर्डरवर त्या आजोबांनी भरलंय त्याचा कल वेगळा, तुमच्या डेकचा वेगळा, म्हणून वरचा तीक्ष्ण आवाज दबतो. वाजवताना कान देऊन तो स्क्रू इतका फिरवायचा की आवाज सगळ्यात टोकदार लागेल. कीर्तनात एवढ्यानं बुवांचे शब्द कळायला लागतात, तुमच्यात तर सगळा खेळच त्या टोकदारपणावर असणार असं मला वाटतंय. पण हा सराव आधी दुसऱ्या कुठल्यातरी कॅसेटवर करा, यातल्यावर नाही.

झेड८०_प्रेमी
टेपवाले काकांनी जे सांगितलं त्यातला अझिमथचा मुद्दा सोन्यासारखा आहे, का ते सांगतो. स्पेक्ट्रम टेपवर जे लिहितो ते म्हणजे नुसत्या लांब आणि आखूड लाटा. शून्य असेल तर साधारण २००० हर्ट्झची एक लाट, एक असेल तर साधारण १००० हर्ट्झची, त्याच्या आधी पाचेक सेकंद ८०० हर्ट्झच्या आसपासचा सलग सूर, तेव्हा स्क्रीनच्या कडेला लाल-निळसर पट्टे यायचे, आणि डेटा सुरू झाला की निळे-पिवळे. वरचा आवाज दबला म्हणजे आखूड लाटा विरल्या, म्हणजे शून्य कुठलं आणि एक कुठला तेच कळत नाही. ४८ के मेमरीच्या मशीनचा गेम भरायला चार-पाच मिनिटं लागायची, त्यात एक लाट चुकली की शेवटी "आर टेप लोडिंग एरर" आणि पुन्हा पहिल्यापासून.

पण आज तुम्ही त्या मशीनइतक्या लाचार नाही. स्पेक्ट्रम प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे डेटाच्या एकेका तुकड्याच्या, शेवटी सगळं नीट वाचलं गेलं का ते ताडून बघायला एक चेकसम बाइट लिहितो, तो जुळला नाही की तो सगळंच सोडून द्यायचा. आपल्याकडे वेव्ह फाइल असली की आपण ती लाट डोळ्यांनी बघू शकतो, कुठं बिघडली ते शोधू शकतो, त्याच टेपचं दुसरं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून तेवढाच तुकडा त्यातनं घेऊ शकतो. म्हणून एकेक बाजू निदान दोनदा रेकॉर्ड करा, थोडा वेगळा अझिमथ ठेवून, टेप तेवढी धडधाकट असेल तर. आणि बाजू संपेपर्यंत रेकॉर्ड करा! मध्ये शांतता आली, गाणं लागलं तरी थांबवू नका, लिहिणारे लोक एकाच टेपवर पाच-सहा गोष्टी मागे-पुढे टाकायचे, जुन्या आवृत्तीवर नवी अर्धवट चढवलेली असते आणि शेवटच्या कोपऱ्यात जुनीचा शेपटाचा भाग उरलेला असतो.

मग फ्यूज एम्युलेटरच्या (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) सोबतच्या साधनांत ऑडिओ-टू-टेप म्हणून एक प्रोग्राम आहे, तो वेव्हमधून टीएपी किंवा टीझेडएक्स फाइल बनवतो. टीएपीमध्ये फक्त बाइट राहतात, टीझेडएक्समध्ये लाटांच्या लांब्यापण राहतात, म्हणून टीझेडएक्स. पण मूळ वेव्ह कधीही पुसू नका, टीझेडएक्स हा आज आपल्याला लागलेला अर्थ झाला, वेव्ह ही वस्तू.

साधारणपणे प्रत्येक ब्लॉकच्या आधी १७ बाइटांची ओळख असते, त्यात दहा अक्षरी नाव, लांबी आणि मेमरीत कुठं बसायचं तो पत्ता. हे तुम्हाला फार काही सांगेल. लांबी ६९१२ आणि पत्ता १६३८४ दिसला की ते शंभर टक्के स्क्रीनचं चित्र आहे, लोडिंगच्या वेळी दिसायचं ते. लांबी मोठी आणि पत्ता वरचा असेल तर बहुधा मशीन कोड, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम. आणि अक्षरांनी भरलेला मोठा ब्लॉक दिसला, मधेमधे एलडी, जेपी, कॉल असे शब्द, तर उड्या मारा, तो सोर्स कोड, म्हणजे त्यांनी लिहिलेला मूळ मजकूर, आहे, गेमपेक्षाही दुर्मीळ. आजोबांना विचारा असेंबलर (सोर्सचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) कुठला वापरायचे. हायसॉफ्टचा डेव्हपॅक असेल तर त्याचा सोर्स वाचायची सोय आहे.

विचारतोय_फक्त
वाईट वाटून घेऊ नका, मनापासून विचारतोय. जो गेम ४० वर्षांपूर्वी निघालाच नाही, कुणी खेळलाच नाही, त्याची कुणाला आठवणही नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप करून कुणाला काय मिळणार? जे गेम निघाले, लोकांनी डोक्यावर घेतले, ते वाचवा ना आधी.

फ्लॉपीवाली
प्रश्न रास्त आहे आणि मी रागावले नाही. जे निघाले ते हजारो प्रतींत गेले, एकाच्या माळ्यावर गेला तरी दुसऱ्याच्या माळ्यावर असतो, आणि स्पेक्ट्रमच्या निघालेल्या गेमांपैकी बहुतेक सगळे लोकांनी कधीच सांभाळून ठेवलेत. न निघालेल्याची प्रत एक. कधी दोन. ती गेली की विषय संपला.

आणि न निघालेले म्हणजे वाईट म्हणून राहिलेले असं तर मुळीच नाही. लिव्हरपूलची इमॅजिन सॉफ्टवेअर घ्या. १९८४मध्ये बँडरस्नॅच आणि सायक्लॅप्स असे दोन "मेगागेम" येणार म्हणून पानभर जाहिराती, सोबत मशीनला लावायचं जास्तीचं हार्डवेअर, किंमत ४० पाउंडांच्या घरात, जेव्हा ४८ केचा अख्खा स्पेक्ट्रम १९८२मध्ये १७५ पाउंडांना निघाला होता. बीबीसीचं पथक त्यांच्यावर माहितीपट करायला गेलं होतं यशाची गोष्ट म्हणून, आणि कॅमेऱ्यासमोर कंपनी बुडाली. त्यातली काही मंडळी सिग्नोसिस नावाच्या नव्या कंपनीत गेली आणि बँडरस्नॅचच्या कल्पना पुढे ब्रॅटाकस नावाच्या गेममध्ये आल्या. म्हणजे सिग्नोसिसचा पहिला गेम समजायचा तर न निघालेला गेम समजला पाहिजे. कमोडोर कंपनीच्या अमिगा कॉम्प्युटरवरचा पुट्टी स्क्वॉड तर पूर्ण झालेला होता, मासिकांनी परीक्षणं छापली होती, पण १९९४मध्ये कमोडोर दिवाळखोर झाली, अमिगाचा बाजार कोसळला आणि तो दुकानात आलाच नाही. कंपनीनं तो २०१३च्या नाताळात फुकट वाटला तेव्हा लोकांनी एकोणीस वर्षांनी खेळला. उलट अल्टिमेट कंपनीच्या मायर मेअर या गेमची घोषणा झाली, लोक वर्षानुवर्षं वाट बघत राहिले आणि तो आलाच नाही. यातला कुठला किती तयार होता हे जाहिरातीवरून कळत नाही, चित्रकार चित्र आधी काढायचा आणि गेम मागनं लिहिला जायचा. खरं काय ते फक्त अशा खोक्यात असतं.

१९९०मध्ये पीसीवर मारिओ ३ सारखा सरकणारा पडदा करून दाखवणारा एक नमुना पुढं आयडी सॉफ्टवेअर (डूम गेम काढणारी कंपनी) झालेल्या पोरांनी केला, निन्टेंडोनं नको म्हटलं. तो फ्लॉपीवर राहिला आणि २०२१मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियममध्ये पोचला. त्या कामातून पुढं काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण मधली पायरी त्या एका फ्लॉपीवर होती.

आता लीड्सताई, तुमच्या डिस्क आणि कार्ट्रिजबद्दल, कारण ते माझं काम. तीन इंची डिस्क जरा आडमुठी वाटते पण टिकाऊ असते, बिघडतो तो ड्राइव्ह, त्याचा रबरी बेल्ट चिकट होऊन वितळतो. नवा बेल्ट घातलेला ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटंसं बोर्ड, बस. ते बोर्ड फाइल वाचत नाही, डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं, अर्थ नंतर निवांत लावायचा. हीच रीत २०१४मध्ये अँडी वॉरहॉलच्या अमिगाच्या फ्लॉपींवर वापरली होती, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर क्लबनं क्रायोफ्लक्स नावाचं तसंच बोर्ड लावून, आणि त्यातून १९८५ची चित्रं निघाली.

मायक्रोड्राइव्ह मात्र स्वतः करू नका. आत दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद टेपचं पाचेक मीटरचं कडं असतं, सतत फिरणारं, ८५ केबीच्या पुढे थोडं मावायचं. आतली स्पंजची गादी आता भुगा झालेली असते, तशीच चालवली तर भुगा हेडवर आणि टेप गोळा. गादी बदलून, स्पेक्ट्रमला मायक्रोड्राइव्ह जोडायचं इंटरफेस वन लावून, शक्यतो ज्या ड्राइव्हवर लिहिलं त्याच ड्राइव्हवर वाचायचं, कारण एका ड्राइव्हचं दुसऱ्याला पटत नाही. आजोबांचा ड्राइव्ह अजून घरात आहे का ते आधी विचारा! नसेल तर केंब्रिजच्या सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरीला लिहा, केंब्रिज म्हणजे स्पेक्ट्रम काढणाऱ्या सिंक्लेअर कंपनीचंच गाव. आणि गेम्स दॅट वेअरन्ट म्हणून न निघालेल्या गेमांचाच संग्रह आहे, फ्रँक गॅस्किंग यांनी वीसहून जास्त वर्षं चालवलाय, कमोडोर ६४ या कॉम्प्युटरच्या गेमांपासून सुरू करून. अशा गोष्टी कुठल्या माणसाकडे, कुठल्या माजी कामगाराकडे असतील याचा माग काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

कागद_आधी
मी वकील नाही, पण ब्रिटनमध्ये प्रकाशन व्यवसायात हक्कांचे कागद बघण्याचं काम करते, म्हणून हे लिहिते. तुम्ही विचारलंत गेम कुणाचा. आजोबा त्या कंपनीचे पगारी नोकर असते तर कामाचा हक्क सरळ कंपनीचा. ते घरी बसून स्वतंत्रपणे लिहीत होते, म्हणजे हक्क सही करून लेखी दिला असेल तरच गेला, तोंडी बोलण्यानं जात नाही. म्हणून खोक्यात कॅसेटइतकंच महत्त्वाचं काय आहे तर एखादं पत्र, करारनामा, पोचपावती. ते शोधा. करार झाला असेल आणि कंपनी पुढे विसर्जित झाली असेल तर तिच्याकडे उरलेली मालमत्ता, त्यात हक्कही आले, कायद्यानं ब्रिटिश राजसत्तेकडे जाते, ऐकायला विचित्र वाटेल पण तसंच आहे. करार नसेल तर गेम आजही आजोबांचा आणि त्यांच्यानंतर ७० वर्षं त्यांच्या वारसांचा.

त्यामुळे वाचवणं आणि वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. उतरवून घ्यायला आज कुणाची परवानगी लागत असेल तर त्यांची, ती दारातच आहे. इंटरनेटवर टाकायचं की नाही ते नंतर ठरवा. त्यांच्याकडून एका कागदावर साध्या भाषेत लिहून घ्या की हे मी लिहिलं, अमुक वर्षी, हे जपायला आणि लोकांना दाखवायला माझी हरकत नाही, खाली सही, तारीख, शक्य तर मुलीचीपण सही. संगीत दुसऱ्या कुणी केलं होतं का, चित्रं कुणी काढली, हे विचारा, त्यांचं नाव वेगळं लागेल. आणि एखाद्या सिनेमाच्या नावावर बेतलेला गेम असेल तर ते नाव त्यांच्या हातात नाही, तिथं जपून.

डीबी_प्लस_पुणे
हा धागा वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी १९८८मध्ये डीबी स्पेक्ट्रम प्लस आला होता, डेसिबेल्स कंपनीनं परवान्यावर भारतात बनवलेला. बाबांनी बोनसमधून घेतला. गेम म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे डबल डेकवर उतरवलेल्या कॅसेट, चौथ्या-पाचव्या हाताच्या, अझिमथचा स्क्रू फिरवायला मी तेव्हाच शिकलो, आईच्या शिवणाच्या डब्यातला बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन, त्यामुळे टेपवाले काकांचं वाचताना हाताला तो स्क्रू आठवला.

त्याच्या आधी आमच्या शाळेत सरकारच्या क्लास योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, १९८४-८५ला सुरू झालेली योजना. आमच्या एका सरांनी त्यावर मराठी अंकलिपीचा एक खेळ केला होता, चुकलं की कावळा उडायचा. सर आता नाहीत. फ्लॉपी शाळेच्या कपाटात होत्या, कपाट कुठं गेलं विचारायला मी २०१६मध्ये गेलो होतो, कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सांगतो ताई, तुमच्याकडे माणूस आहे. टेप पुढच्या महिन्यात वाचली तरी चालेल, पण आजोबांना या दोन आठवड्यांत बसवा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा. "तुमच्या गेमबद्दल सांगा" असं विचारू नका, दोन वाक्यांत संपवतील. वही उघडून एका चित्रावर बोट ठेवा आणि विचारा हे काय आहे. गेममध्ये किती खोल्या होत्या, कुठल्या कळा दाबायच्या, फसवून पुढं जायची युक्ती ठेवली होती का, कुठली गोष्ट मेमरीत मावली नाही म्हणून काढावी लागली, कोणकोणाला प्रत पाठवली होती. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. मासिकांना आधी प्रत जायची परीक्षणासाठी, तिथल्या कुणाच्या घरी ती अजून असू शकते. जुन्या मासिकांचे अंक स्कॅन होऊन आता बघायला मिळतात, ती चार ओळींची बातमी शोधा, क्रॅश असो की सिंक्लेअर यूजर, त्या महिन्यावरून कुठली आवृत्ती गेली होती ते कळेल.

गेम निघाला तर माझा डीबी प्लस चालू आहे. खऱ्या मशीनवर चालवून बघायचा असेल तर कधीही सांगा, मी रात्री दोनलापण लावीन.

विचारतोय_फक्त
कळलं. सरांच्या खेळाचं वाचून माझा प्रश्न मीच मागे घेतो. लीड्सताई, पुढं काय झालं ते नक्की लिहा.

लीड्सची_सांगलीकर
मंडळी, तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला कारण रोज रात्री हेच चालू होतं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी फोटो. मग एका ओळखीच्यांकडून चांगला डेक मिळाला, बेल्ट नवे घालून घेतले, आईनं दिलेल्या एका भक्तिगीतांच्या कॅसेटवर चार दिवस अझिमथचा सराव केला. २३पैकी दोनांना बुरशी, त्या बाजूला ठेवल्यात. एकीची लोकर पडली होती, ती नवऱ्यानं स्क्रू काढून नव्या घरात घातली, हात थरथरत होते त्याचे. बाकी सगळ्या दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत रेकॉर्ड झाल्या.

नऊ नंबरच्या टेपवर पहिल्यांदा ६९१२ दिसलं. झेड८० दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तो ब्लॉक असाच पुढे ढकलला असता. एम्युलेटरमध्ये टाकला आणि एक एक ओळ करत चित्र उतरत गेलं, दीपगृह, त्याच्यामागे पिवळा चंद्र, खाली आजोबांची आद्याक्षरं. ते चित्र गेली चाळीस वर्षं कुणीच बघितलं नव्हतं. त्याच्या मागचा मोठा ब्लॉक मात्र चेकसमला अडकला, दोन्ही रेकॉर्डिंगांत त्याच जागी, टेपलाच तिथं घडी पडलीय. मग ती "ही नाही" लिहिलेली टेप. तिच्यावर तोच ब्लॉक, तीच लांबी, तोच पत्ता, आणि तो तुकडा स्वच्छ. झेड८० दादांनी रात्री बसून दोन्ही जोडले, चेकसम जुळला, आणि गेम चालू झाला. डीबी प्लस दादांनी त्याच रात्री पुण्यात खऱ्या मशीनवर चालवून व्हिडिओ पाठवला, त्यात मागे त्यांच्या आईचा आवाज येतोय काय लावलंय हे म्हणून, तो मी आजोबांना तसाच दाखवला.

आजोबांनी खेळला. पहिल्या तीन खोल्या न बघता गेले, बोटांना लक्षात होत्या. चौथ्या खोलीत थांबले आणि म्हणाले, इथं पूल पाहिजे. पूल नाहीये. मग वही आणली, त्यांनी स्वतः पानं उलटली, आणि मागच्या पानावर आवृत्त्यांची यादी सापडली, तारखांसकट. हा सहावा आहे. पूल आठव्यात घातला, आणि कंपनीला पाठवला तो नववा. सहाव्यात ४२ खोल्या आहेत, नवव्यात ५६ होत्या असं वहीत लिहिलंय. आठवा आणि नववा मायक्रोड्राइव्हवर, "ड्राइव्ह दोन" अशी खूण केलेली.

करारनामा कुठंही नाही. कंपनीचं एक पत्र आहे, टेप मिळाली, कळवतो, एवढंच. कागद_आधी ताई, तुम्ही सांगितलं तसं लिहून घेतलं, मुलीनंपण सही केली. त्यांना त्यात एक ओळ स्वतःहून घालायची होती की खोल्यांची चित्रं माझ्या बायकोनं काढली. वहीतले ते सगळे पक्षी आजींचे आहेत. म्हणून आता दोघांची नावं लिहिलीत.

आवाजाचं रेकॉर्डिंग पाच तासांचं झालंय, ते मी सावकाश उतरवून काढेन. मासिकाच्या बातमीचा अंक सापडला, त्यावरून ज्यांनी ती लिहिली त्यांना पत्र टाकलंय. केंब्रिजला कार्ट्रिजबद्दल लिहिलंय. आणि कालच फोन आला आजोबांचा, नव्या फ्लॅटवरून, एक जुनी चामड्याची बॅग उघडलीच नव्हती, तिच्यात वायरी आणि दोन काळे चपटे डबे आहेत म्हणतायत, एकावर पांढऱ्या रंगानं दोनचा आकडा काढलाय. मी शनिवारी जातेय.

टेपवाला_कोल्हापूर
ताई, शनिवारी बॅगेतनं काही बाहेर काढायच्या आधी फोटो काढा. वायर कुठली कुठं लावलेली आहे ते तसंच दिसू दे. आणि त्यांना सांगा, कार्ट्रिज घालून बघू नका म्हणावं.

लीड्सची_सांगलीकर
आत्ता लगेच फोन करून सांगते काका.